पितळी पातेल्यातलं दूध

मंडळी, पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. निदान तिथले ठोके तरी ऐकले असतील. पूर्वी तांब्यापितळेची भांडी लेकीबरोबर सासरी जात. आज सांगायची हकिकत अशाच एका पितळी पातेल्याची आहे.

वर्ष-दोन वर्षांचं चांगलं खेळतं मूल. त्याचं पोट वाढू लागे, यकृत हाताला टणक लागे, पुढे कावीळ होई आणि काही महिन्यांत मूल जाई. कधी पाठचं भावंडही त्याच वाटेनं. लोक म्हणत, घराण्याचा दोष! कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली या रोगाचं वर्णन केलं. पण कारण सापडायला जवळजवळ शंभर वर्षं गेली.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित अशी मुलं पाहत होते. १९७९ साली इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर, डॉ. पंडित आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या मुलांच्या यकृतात तांबं नेहमीच्या कितीतरी पट साठलेलं असतं.

आता हे तांबं आलं कुठून? उत्तर आयांपाशी होतं. डॉ. शीला भावे, डॉ. पंडित आणि टॅनर यांनी घरची माहिती विचारली: वरचं दूध केव्हा सुरू केलं? तापवलं कशात? ठेवलं कशात? आजारी मुलांना वरचं दूध फार लवकर सुरू झालं होतं, आणि ते पितळी भांड्यात तापवून त्यातच ठेवलेलं असे. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे मांडलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. भांड्याला कल्हई नसली की तांबं दुधात उतरतं, आणि दुधातली प्रथिनं ते धरून ठेवतात. बिचाऱ्या आईनं तर घरातलं चांगलं भांडंच बाळासाठी काढलेलं!

पेनिसिलामाइन हे औषध कावीळ होण्याआधी दिलं, तर काही मुलं वाचत. उशीर झाला की उपाय चालत नसे. म्हणून दुधाचं पितळी भांडं बदला, असं घरोघर सांगणं सुरू झालं. तेवढ्यात स्टीलही स्वस्त झालं होतं. श्रेय दोघांनाही द्यावं, असं मला वाटतं. पुढे हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. काही संशोधकांना मात्र तांब्याचं कारण पुरतं पटलं नाही. मूळ दोष रक्तातच असावा, असं त्यांचं म्हणणं.

मग १९९६ साली ऑस्ट्रियाच्या टायरॉल या डोंगरी मुलखातली हकिकत छापून आली. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच रोगानं गेली होती. तिथल्या आयाही बाळाचं गाईचं दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात तापवीत. ती भांडी गेली आणि रोगही गेला.