बंगालमधील आर्सेनिकयुक्त पाणी आणि मानसिक आरोग्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

सोमल अर्थात आर्सेनिक हे तत्काळ प्राण घेणारे विष म्हणून आपल्याकडे पूर्वापार परिचित आहे. परंतु अल्प प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या आर्सेनिकने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांगलादेश व पश्चिम बंगालमध्ये मोठा अनर्थ घडविला. त्याचा इतिहास प्रामुख्याने पाण्याचे पृथक्करण व त्वचेवरील व्रण यांच्या आधारे लिहिला गेला. रुग्णांची मनोव्यथा दीर्घकाळ दुय्यम राहिली. प्रस्तुत लेखात या उपेक्षित बाजूचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

तळ्यांच्या दूषित पाण्यापासून उद्भवणारे अतिसारासारखे रोग टाळण्यासाठी १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने बांगलादेशात कूपनलिका मोठ्या प्रमाणावर खोदण्यात आल्या. हेतू स्तुत्य होता. परंतु नद्यांच्या गाळातील नैसर्गिक आर्सेनिक उथळ भूजलात उतरले असेल, ही शक्यता विचारात घेतली गेली नाही. १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांत आर्सेनिकची विषबाधा ओळखली. तरीही ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या बांगलादेशातील पाण्याविषयीच्या १९९२ च्या अहवालात आर्सेनिकची तपासणी नव्हती. १९९३ मध्ये चापाई नवाबगंज येथे ते आढळले. २००० मध्ये अ‍ॅलन स्मिथ व सहकाऱ्यांनी बांगलादेशातील साडेतीन कोटी ते सात कोटी सत्तर लाख लोक धोक्याच्या छायेत असल्याचा अंदाज मांडला.

मानसिक परिणाम

हे परिणाम दोन मार्गांनी घडतात. पहिला मार्ग शारीरिक होय. आर्सेनिक मज्जासंस्थेस इजा करते. आराईहाजार येथील दहा वर्षे वयाच्या २०१ मुलांच्या अभ्यासात पाण्यातील आर्सेनिक जितके अधिक, तितके बौद्धिक चाचणीतील गुण कमी आढळले (वॉसरमन व सहकारी, २००४). चीनमधील आंतर मंगोलियातील बाधित रहिवाशांतही नैराश्याची लक्षणे अधिक दिसून आली (फुजिनो व सहकारी, २००४).

दुसरा मार्ग सामाजिक होय. काळे डाग व तळहातांवरील खडबडीत गाठी पाहून हा कुष्ठरोग किंवा दैवी कोप असल्याचा समज पसरला. आजार संसर्गजन्य नसतानाही रुग्णांना टाळले गेले, मुलींचे विवाह जुळेनात, विवाहित स्त्रियांना माहेरी पाठविण्यात आले. पुढे धोकादायक हातपंपांना लाल व सुरक्षित हातपंपांना हिरवा रंग देण्यात आला. पाण्याची पारख त्यामुळे शक्य झाली; परंतु व्रण पाहून माणसाला दूर लोटण्याची वृत्ती केवळ रंगाने पालटणारी नव्हती.

निष्कर्ष

रुग्णांची गणना त्वचेवरील व्रणांवरून होत राहिल्यास वर्गात मागे पडलेले मूल अथवा माहेरी परतलेली स्त्री त्या गणनेत येत नाही. म्हणूनच शुद्ध पाण्याचा पुरवठा हा उपाययोजनेचा आरंभ मानला पाहिजे. मानसोपचार, समुपदेशन व रुग्णांची सामाजिक पुनःस्थापना यांचा त्यात समावेश झाल्याशिवाय या विषबाधेचे परिमार्जन पूर्ण झाले, असे म्हणता येणार नाही. इतिहासलेखनानेही या अदृश्य हानीची नोंद घेणे अगत्याचे आहे.