वांचलेलें आणि वाचलेलें

मराठींत 'वाचणें' आणि 'वांचणें' असे दोन धातु आहेत. पहिला संस्कृत 'वच्' धातूपासून आलेला, अक्षरांशीं संबंध असलेला. दुसरा निराळ्या मुळाचा, जीव सलामत राहण्याच्या अर्थाचा. जुने लेखक दुसऱ्यावर अनुस्वार देऊन दोहोंतील भेद दाखवीत. बोलतांना मात्र तो कानास फारसा कळत नाहीं. हस्तलिखितें जमविणारांस या दोन धातूंची सांगड नित्य घालावी लागते; कारण जें वांचलें तेंच वाचतां येतें. इतकें सर्वांस मान्य आहे. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत जे नवे शोध लागले, त्यांनीं या विधानास आणखी एक अर्थ आणला आहे. तो असा कीं, एखादा कागद आज वाचतां येत नाहीं एवढ्यावरून तो कायमचा अवाच्य ठरत नाहीं. आणि त्याच्या वाचनाच्या उतावळीनें जर त्यास इजा झाली, तर उद्यांचें वाचन आपण आजच बुडवितों. या मुद्याचीं प्रमाणें आम्ही पुढें क्रमानें देतों.

पहिलें प्रमाण इटलींतील. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट होऊन हर्क्युलेनियम हें नगर गाडलें गेलें. तेथील एका श्रीमंताच्या वाड्यांत इ. स. १७५२ मध्यें पपायरसच्या गुंडाळ्यांचा संग्रह सांपडला. उष्णतेनें त्यांचा कोळसा झाला होता. गुंडाळ्या व तुकडे मिळून त्यांची संख्या सुमारें १,८०० भरते. पुढें त्या उघडण्याची धडपड सुरू झाली. कांहीं सुरीनें उभ्या चिरण्यांत आल्या. व्हॅटिकनहून आलेल्या आंतोनिओ पिआज्जो नांवाच्या पाद्र्यानें रेशमाच्या धाग्यांवर गुंडाळी टांगून ती हळूहळू उलगडणारें एक यंत्र केलें. त्यानें बराच ग्रंथभाग हातीं आला हें कबूल केलें पाहिजे. परंतु काम अत्यंत मंद चाले, आणि उलगडतांना थर फाटून अक्षरें जात. इ. स. १८१९-२० मध्यें हंफ्री डेव्ही या नामांकित इंग्रज रसायनशास्त्रज्ञानेंही नेपल्स येथें द्रव्यें वापरून पाहिलीं. यश बेताचेंच आलें. अशा रीतीनें कित्येक गुंडाळ्या वाचण्याच्या भरांत नाहींशा झाल्या. ज्या फार कठीण म्हणून बाजूस ठेवल्या गेल्या, त्या मात्र अखंड राहिल्या.

इ. स. १८०२ मध्यें नेपल्सच्या राजानें नेपोलियनला सहा गुंडाळ्या नजर केल्या. त्यांपैकीं पॅरिस येथें बंदच राहिलेली एक गुंडाळी इ. स. २०१९ मध्यें ऑक्सफर्डजवळील 'डायमंड' या प्रखर क्ष-किरणांच्या यंत्रांत ठेवण्यांत आली. वैद्य रोग्याचें शरीर न कापतां सीटी स्कॅननें आंतील भाग पाहतात, तोच हा प्रकार, फरक सूक्ष्मतेचा. पण येथें एक मोठी अडचण होती. शाई काजळीची, आणि पपायरसचाही कोळसा झालेला. म्हणजे दोन्ही वस्तु कार्बनाच्याच. त्यामुळें क्ष-किरणांस अक्षर व पृष्ठ यांतील भेद दिसेना. अमेरिकेंतील केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स यांनीं या प्रश्नामागें कित्येक वर्षें घालविलीं होतीं. इ. स. २०२३ मध्यें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सर्व चित्रें जगापुढें खुलीं करून बक्षिसें लाविलीं. शाई जेथें वाळली तेथें पृष्ठभागावर बारीक तडे दिसतात, हें कोणाच्या ध्यानांत आलें. ते तडे ओळखण्यास संगणकास शिकविण्यांत आलें. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्यास 'जांभळा' या अर्थाचा एक ग्रीक शब्द सांपडला. फेब्रुवारी २०२४ मध्यें तो, यूसुफ नादेर व ज्युलियन शिलिगर या तिघांस ७ लक्ष डॉलरांचें मुख्य बक्षीस मिळालें. पंधरा स्तंभांतील २,००० हून अधिक अक्षरें त्यांनीं दाखविलीं होतीं. हा भाग गुंडाळीचा सुमारें विसावा हिस्सा असून त्यांत सुखाविषयीं तात्त्विक विवेचन आहे. इ. स. २०२५ मध्यें ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांतील दुसऱ्या एका बंद गुंडाळीचें शीर्षक वाचलें गेलें. ती फिलोडेमस या एपिक्युरसपंथी लेखकाच्या 'दुर्गुणांविषयीं' या ग्रंथाची निघाली.

दुसरें प्रमाण मृत समुद्राच्या पश्चिम तीरावरील एन-गेदी येथील. तेथील जळालेल्या प्रार्थनामंदिराच्या उत्खननांत इ. स. १९७० मध्यें चामड्याची एक गुंडाळी मिळाली. हात लावतां भुगा होईल अशी तिची स्थिति होती. शोधकांनीं ती न उघडतां तशीच जपून ठेवली. आणि ४५ वर्षांनीं, इ. स. २०१५ मध्यें, सील्स यांच्याच पद्धतीनें ती वाचली गेली. तींत यहुदी धर्मग्रंथांतील 'लेवीय' प्रकरणाचे पहिले दोन अध्याय निघाले. वाचतां येत नसलेली वस्तु ४५ वर्षें सांभाळणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. त्या संयमाचें श्रेय यंत्राच्या श्रेयाहून कमी मानूं नये.

तिसरें प्रमाण आपल्या लखोट्यांस अधिक जवळचें आहे. हॉलंडांतील हेग येथें सतराव्या शतकांतील एका टपालप्रमुखाची पेटी आहे. तींत पोंचतीं न झालेलीं सुमारें २,६०० पत्रें असून त्यांपैकीं सुमारें ६०० कधींच उघडलेलीं नाहींत. त्या काळीं स्वतंत्र पाकीट नसे. पत्राचाच कागद घड्या, चिरा व लाख यांनीं असा बांधीत कीं फाडल्यावांचून तो उघडूं नये. लंडनमध्यें दांतांच्या अभ्यासासाठीं केलेल्या क्ष-किरण यंत्राच्या साह्यानें त्यांतील एक पत्र न उघडतां वाचल्याचें इ. स. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. पत्र ३१ जुलै १६९७ चें, एका आप्ताच्या मृत्यूचा दाखला मागणारें, अगदीं साधें आहे. परंतु घडी कशी घातली, चीर कोठें दिली, हीही इतिहासाची साधनें होत, हें त्यानें शिकविलें. उघडलेल्या पत्रांतून ही माहिती बव्हंशीं नाहींशी झालेली असते.

उतावळीनें काय होतें याचें चौथें प्रमाण. युरोपांत चामड्यावरील जुना मजकूर पुसून त्यावर नवा लिहिण्याची चाल होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आंजेलो माई या विद्वानानें पुसलेलीं अक्षरें उठविण्याकरितां मायफळाचा अर्क लाविला. सिसेरोचा 'राज्य' विषयक लुप्त ग्रंथ त्यानें इ. स. १८१९ मध्यें शोधून काढला. हा लाभ लहान नव्हे. पण अर्क लाविलेलीं पानें पुढें काळवंडत गेलीं. याच्या उलट आर्किमिडीजच्या ग्रंथाची दहाव्या शतकांतील प्रत पाहावी. ती इ. स. १२२९ मध्यें पुसून तींवर प्रार्थनापोथी लिहिलेली होती. इ. स. १९०६ मध्यें हायबर्ग या पंडितानें तिचीं छायाचित्रें घेतलीं. पुढें पोथीची दुर्दशा झाली. विसाव्या शतकांत कोणी तिच्या कांहीं पानांवर जुनीं भासणारीं बनावट चित्रेंही रंगविलीं. तरीही इ. स. २००५ मध्यें त्या रंगाखालील शाईंतलें लोह क्ष-किरणांनीं उजळून खालचा मजकूर दिसला. हायबर्गचीं छायाचित्रें उपयोगी पडलीं, कारण मूळाचा कांहीं भाग मध्यंतरीं नष्ट झाला होता. आणि मूळही उपयोगी पडलें, कारण छायाचित्रांत लोह नव्हतें. दोन्ही वांचलीं म्हणून हा ग्रंथ वाचला गेला.

आतां आपल्या संग्रहांकडे वळूं. आपल्या पोथ्यांची व मोडी कागदांची शाई बहुधा काजळीचीच. ती शतकें टिकते, हा तिचा गुण. पण हर्क्युलेनियमची अडचण येथेंही उभी राहते. मात्र अवरक्त प्रकाश काजळी शोषून घेते व काळवंडलेलें ताडपत्र किंवा कागद तो परत फेंकतो. त्यामुळें डोळ्यांस काळ्यावर काळें दिसणारें अक्षर अवरक्त छायाचित्रांत स्पष्ट उमटूं शकतें. ओल लागून चिकटलेलीं पानें, वाळवीनें भोंकसलेले रुमाल, डागाळलेल्या सनदा यांस आपल्याकडे 'निकामी' म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द संग्राहकांनीं टाकून द्यावा, असें आमचें आग्रहाचें मत आहे.

याहून मोठी गोष्ट मोडीची. इ. स. २०१४ मध्यें मोडी लिपीस युनिकोडमध्यें स्थान मिळालें, आणि मोडी कागद यंत्राकडून वाचविण्याचे प्रयत्न चालूं आहेत. त्यांचें महत्त्व केवळ विद्वानांपुरतें नाहीं. जमिनीचा हक्क, वतनाचा वाद, कुळाची नोंद यांकरितां सामान्य मनुष्य आजही मोडी कागद घेऊन जाणकार शोधीत फिरतो. इ. स. २०२३ मध्यें कुणबी नोंदींच्या शोधार्थ राज्यांतील जुनीं दप्तरें तपासण्यांत आलीं, तेव्हां मोडी वाचणारांची निकड सर्वांस दिसून आली. यंत्र हें काम घरोघरीं पोंचवील, तर आम्ही त्याचें स्वागतच करूं.

पण येथेंच सावध राहिलें पाहिजे. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहींत, शब्द तोडीत नाहींत, आणि एका हातचें अक्षर दुसऱ्या हातच्या दुसऱ्याच अक्षरासारखें दिसतें. भाषा शिकलेल्या यंत्रास जेथें अक्षर दिसत नाहीं तेथें तें अपेक्षित शब्द घालतें. आणि अपेक्षित शब्द नेहमींच सफाईदार असतो. पाठचिकित्सेंत कठीण पाठास सोप्या पाठाहून अधिक मान देतात, कारण लेखक सोपें करण्याच्या ओघांत चुकतो. यंत्र हाही अखेर एक लेखकच आहे. हर्क्युलेनियमच्या शोधकांनीं हें ओळखून आपल्या यंत्रास ग्रीक भाषा शिकविलीच नाहीं. लहान लहान तुकड्यांत शाई आहे कीं नाहीं एवढेंच त्यास विचारलें, आणि निकाल पपायरसवाचकांकडून तपासून घेतला. आपल्याकडे एका अक्षराच्या फरकानें एका घराण्याचा हक्क दुसऱ्याकडे जाऊं शकतो. तेथें अपील कोणाकडे करावयाचें? मूळ कागदाकडेच. तोच नसेल तर यंत्राची चूक व यंत्राचा शोध यांत भेद करण्यास कांहीं साधन उरत नाहीं.

कोणी म्हणतील, कसर व वाळवी संयमाची वाट पाहत नाहींत. हें खरें आहे; झांकून ठेवणें म्हणजे जपणें नव्हे. म्हणून छायाचित्रें आजच घ्यावीं, पण त्यानंतर मूळ रद्दींत किंवा नदींत टाकूं नये. छापील पुस्तकासही हाच न्याय. राजवाड्यांनीं इ. स. १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग संपादिले. त्यांचें ऋण न फिटणारें आहे. परंतु छापील पानावर मजकूर येतो, कागद येत नाहीं, आणि निवडीबाहेर राहिलेल्यांत पुढील पिढ्यांचे प्रश्न दडलेले असतात.

संग्राहक वाचकांस आमची विनंति थोडकी आहे. चिकटलेलीं पानें पाण्यानें किंवा वाफेनें स्वतः सोडवूं नयेत. बंद लखोटा सांपडल्यास तो बंदच ठेवून त्याची नोंद करावी. बांधणीसाठीं समास कापूं नयेत. सांध्यांवरचे शिक्के, पाठीवरचे शेरे, अक्षरांवर चिकटलेले वाळूचे कण झाडून टाकूं नयेत. कागदावर प्लास्टिक चढवूं नये. कोरडी जागा, स्वच्छ कापड आणि वर्षांतून दोनदां तपासणी एवढ्यानें पुष्कळ कार्य होतें. आपणांस जें वाचतां आलें नाहीं, तें वांचवून पुढें देणें हेंही इतिहाससंशोधनाचेंच काम आहे, आणि त्यास कोणतेंही यंत्र लागत नाहीं.