कोंडलेल्या डब्यात माणूस असा का वागतो?

२२ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस पाचोऱ्याच्या अलीकडे, परधाड्याजवळ थांबली. जनरल डब्यात 'आग लागली' अशी आरोळी उठली होती. कुणीतरी साखळी ओढली आणि लोक भराभर उतरले, ते नेमके शेजारच्या रुळावर. तेवढ्यात समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ माणसं गेली. आग नव्हतीच.

आपली पीजे बंद पडली असली तरी पाचोरा जामनेरकरांना परकं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस दवाखान्यात हाच विषय होता. "डॉक्टर, माणसं अशी वेड्यासारखी का वागतात?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

नोव्हेंबर १९२१. मलबारात मोपल्यांचं बंड चालू होतं. तिरूर स्टेशनावर इंग्रज सरकारने सुमारे १०० कैदी एका मालडब्यात कोंबले आणि दार बाहेरून बंद केलं. हवा यायला जागा नव्हती. काही तासांनी कोईमतूरजवळ पोदनूरला दार उघडलं तेव्हा आत प्रेतांचा ढीग होता. एकूण सुमारे ७० जण दगावले. वाचलेल्यांनी पुढे सांगितलं ते ऐकवत नाही. तहानेने लोक स्वतःचा घाम चाटत होते, एकमेकांना ओरबाडत होते, चावत होते. हे सगळे एकाच संकटात सापडलेले लोक होते.

यात स्वभावाचा भाग किती आणि शरीराचा किती? माझ्या मते बराचसा शरीराचा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ टक्के असतो. बंद जागेत आपल्याच श्वासाने तो वाढत जातो. २-३ टक्क्यांवर धाप लागते, डोकं दुखतं. ७ ते १० टक्क्यांवर भ्रम होतो आणि शुद्ध हरपते. जीव घुसमटतोय असं वाटतं ते मुख्यतः हा वायू साठल्यामुळे, आणि त्या घुसमटीपुढे संयम टिकत नाही. जोडीला उकाडा असतो. दमट, बंद जागेत घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदू बिघडतो.

हे तुम्ही मे महिन्यात आपल्याकडेही पाहता. कपाशीच्या शेतात दिवसभर राबलेला शांत माणूस अचानक बरळायला लागतो, शिव्या देतो, धरायला आलेल्याला ढकलतो. घरचे म्हणतात, 'पिऊन आला' किंवा 'बाहेरचं काही झालं'. तो ऊष्माघात असतो. त्याला रागावू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा.

परधाड्याला मात्र हवा होती, थंडीचे दिवस होते. तिथे कमी पडली ती माहिती. आणि एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे: जे उतरले त्यांना मी वेडं म्हणणार नाही. खच्चून भरलेल्या डब्यात 'आग' ऐकल्यावर बाहेर पडणं हा शहाणपणाचाच निर्णय आहे. चुकीची होती ती आरोळी. पण भीतीने अॅड्रेनलिन उसळलं की नजर एकाच गोष्टीवर खिळते, आजूबाजूचे आवाजही नीट ऐकू येत नाहीत. दार दिसतं, दुसरा रूळ दिसत नाही.

आता दुसरी गाडी पाहा. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली. सुमारे १०५० प्रवासी, त्यांत नऊ गर्भवती. चहूकडे पाणी, अंधार, खायला-प्यायला काही नाही. लोक चिडले, रडले, मोबाइलवर व्हिडिओ करून तक्रारी केल्या. पण रेल्वे एकच गोष्ट सांगत राहिली: उतरू नका, गाडीतच सुरक्षित आहात, मदत येतेय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एनडीआरएफच्या बोटींतून सगळे सुखरूप बाहेर आले. इथला धोका तर खराखुरा होता!

अशा प्रसंगातून वाचलेला माणूस कधीकधी महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरकडे येतो, झोप लागत नाही म्हणून. बरंच बोलल्यावर खरं दुखणं बाहेर येतं: 'मी कुणाला तरी ढकललं', 'मी हात सोडला'. घरात तुमच्यासमोर कुणी असं बोललं तर 'जाऊ दे, विसर आता' म्हणून गप्प करू नका. त्या वेळी त्याचा मेंदू हवा आणि वाट शोधत होता, हे त्याला समजावून सांगा, आणि पुन्हा पुन्हा बोलू द्या. लिफ्टमध्ये किंवा गर्दीत छाती धडधडणं, तीच स्वप्नं पडणं महिनाभरानंतरही थांबलं नाही तर उपचार लागतात आणि ते लागू पडतात. १४४१६ वर टेलिमानसला फोन केलात तर मराठीतही बोलता येतं.

आणि गाडी मध्येच थांबली तर आधी दोन्ही बाजूंना वाकून बघा. उतरणं भागच असेल, तर शेजारी रूळ नसलेल्या बाजूने उतरा.