कंदील आणि भट्टी

घरच्या संगणकावर विंडोज असावी की लिनक्स, हा वाद बहुधा दोनच मुद्द्यांभोवती फिरतो: किंमत आणि सोय. लिनक्सचा कैवारी म्हणतो, फुकट आणि कायदेशीर मिळत असताना पैसे का मोजायचे. विंडोजवाला म्हणतो, फुकटच्या गोष्टीशी झटापट करायला वेळ कोणाकडे आहे. दोघेही ग्राहक म्हणून बोलतात. मावळातल्या तळेगाव दाभाड्याच्या इतिहासात मात्र असाच प्रश्न ग्राहकाच्या नव्हे, कारागिराच्या बाजूने सोडवला गेल्याचे उदाहरण आहे. ते पुढ्यात ठेवले तर वादाची दिशाच पालटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना लोकांपुढे आणली: माणशी एक पैसा जमवायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. काळे गावोगाव फिरून पैसे गोळा करीत. टिळकांनी कल्पना उचलून धरली आणि १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. त्या काळी दिव्याच्या चिमण्या, बाटल्या, बांगड्या हा सगळा माल ऑस्ट्रिया, जपान अशा देशांतून येई. देशात आधी निघालेले बरेच कारखाने परदेशी कारागिरांवर विसंबून होते. कारागीर परतला की भट्टी थंड पडे आणि भागधारक बुडत. तळेगावने कारखान्यालाच शाळा केले. प्रमुख म्हणून ईश्वरदास वार्ष्णेय आले. ते जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, शिकले होते. गावाला अशा प्रयोगाची सवयही होती. विष्णु गोविंद विजापूरकरांचे राष्ट्रीय शिक्षण देणारे समर्थ विद्यालय तळेगावातच होते. सरकारने ते १९१० साली बंद पाडले. काच कारखाना मात्र टिकला. पहिल्या महायुद्धात परदेशी काच येईनाशी झाली आणि ठिकठिकाणी नवे कारखाने निघाले, तेव्हा फुंकनळी धरता येणारी माणसे तळेगावात तयार होती. वार्ष्णेय स्वतः पुढे संयुक्त प्रांतात बहजोईला कारखाना चालवू लागले.

केवळ माल आणि नफा मोजला तर तळेगावचे पारडे हलके भरेल. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी काढलेला कारखाना खाजगी होता आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. तो कंदील आजही लोकांच्या बोलण्यात येतो, पैसा फंडाची चिमणी कोणाला आठवत नाही. व्यापारी कारखान्याने लोकांना वस्तू दिली, लोकवर्गणीच्या कारखान्याने धंद्याला माणसे दिली. दोन्ही कामे खरी आहेत, पण ती एकाच तागडीत तोलली तर एकावर हमखास अन्याय होतो. विंडोज आणि लिनक्स यांची तुलना करताना हेच घडते.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तीही एमआयटीतूनच. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स गाभा आला आणि दोन्ही मिळून वापरण्याजोगी प्रणाली झाली. तिची अट एवढीच की आतली रचना सर्वांना पाहता यावी, बदलता यावी, आणि बदललेले पुढे देता यावे. फुकट मिळणे हा त्या अटीचा परिणाम आहे, हेतू नव्हे. महाराष्ट्रात तर हा परिणाम कधी जाणवलाच नाही, कारण इथे विंडोजही फुकटच होती. असेंबल करून घेतलेल्या संगणकावर दुकानदार फॉरमॅट मारून विंडोज टाकून देई आणि परवान्याचा विषय निघत नसे. त्यामुळे स्वस्ताईच्या मुद्द्यावर लिनक्सला बाजार जिंकता येणे शक्यच नव्हते. वर २००१ साली एमकेसीएल हे महामंडळ स्थापन झाले, त्याच्या एमएससीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यात निघाले, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले. त्या अभ्यासक्रमाने लाखोंची संगणकाची भीती घालवली, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण संगणक म्हणजे विंडोज आणि लिहिणे म्हणजे वर्ड, ही समजूतही त्यानेच पक्की केली. सोय म्हणून आपण जिचे कौतुक करतो, तिच्यातला मोठा वाटा या सवयीचा आहे.

भट्टी उघडी असल्याने काय साधते, हे पाहायला मराठी अक्षरांकडे जावे. संगणकावरचे मराठी प्रकाशन उभे केले ते व्यापारी कंपन्यांनी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी नसती तर कितीतरी छापखाने खिळ्यांवरून संगणकावर आलेच नसते. पण प्रत्येक कंपनीची सांकेतिक मांडणी निराळी असल्याने एका फॉण्टात टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांचा काला होई. युनिकोडने तो प्रश्न सोडवला आणि दुसरा पुढे आला. विंडोजबरोबर येणाऱ्या मंगल फॉण्टात ल आणि श हिंदी वळणाचे होते. मराठी वाचकाला ते खटकत, पण कंपनी बदलेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. २००९ साली राज्य शासनाने वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळण प्रमाण ठरवले, तरी शासनाचा निर्णय परक्या कंपनीच्या फॉण्टाला कसा लागू होणार? मुक्त बाजूला रेड हॅट या लिनक्स कंपनीचा लोहित फॉण्ट होता. त्याची मराठीसाठी स्वतंत्र आवृत्ती निघाली आणि पुण्यात बसून त्यावर काम करता आले. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हा फॉण्टही असाच खुल्या परवान्याचा आहे. आज तो असंख्य मराठी संकेतस्थळांवर दिसतो, विंडोजवरही.

यावर खरा वजनदार आक्षेप असा की, सामान्य माणसाला कंदील हवा असतो, भट्टी नव्हे. हिशेबनीस टॅलीवर बसतो, डीटीपीवाला कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर. डिजिटल सहीचे डोंगल किंवा जुना प्रिंटर लिनक्सवर चालेल याची हमी नसते. आक्षेप मान्य आहे. ज्याची रोजीरोटी अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर आहे त्याने विंडोज सोडू नये, आणि परवाना विकत घ्यावा. पण घरात संगणकावर होते काय? ब्राउझर, पत्रव्यवहार, मराठी टायपिंग, चित्रपट, मुलांचा अभ्यास. एवढ्याला लिनक्स कधीचीच पुरेशी आहे, आणि इनस्क्रिप्टचा कळफलक दोन्हीकडे सारखाच. दुसरा आक्षेप असा की पैसा फंड लोकांच्या पैशावर चालला, लिनक्स तर इंटेल, रेड हॅट, गूगल यांच्या पगारी अभियंत्यांवर चालते; मग ती लोकांची कशी? या आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धवट आहे. पगार कोणीही देवो, केलेले काम सर्वांच्या हाती राहते. हे नेहमीच पुरेसे ठरत नाही, हेही तितकेच खरे. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो, पण बहुतेक फोनवर त्याच्यावरचा थर गूगलच्या सेवांनी बांधलेला असतो. मूळ रचना खुली असली तरी वापरणाऱ्याच्या हाती किल्ली येतेच असे नाही.

किल्ली हाती यायची तर ती फिरवायला आधी शिकावे लागते, म्हणून माझ्या मते घरापेक्षा शाळेत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. केरळने सरकारी शाळांतले संगणक शिक्षण २००० च्या दशकातच मुक्त प्रणालीवर नेले आणि शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती घडवली. तिथल्या शिक्षकांना ती हाताळायला शिकवले गेले. निव्वळ सीडी वाटून ते झाले नसते. महाराष्ट्राने तसे केले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट असलेले कितीतरी जुने संगणक तिच्या अटींत बसत नाहीत. असा संगणक ज्या शाळेत आहे, तिला तो भंगारात काढून नवा घेण्यासाठी निधी शोधता येईल, किंवा त्यावर लिनक्स घालून आणखी काही वर्षे वापरता येईल. दुसरा मार्ग स्वस्त दिसतो, पण संगणक शिक्षकाला आधी लिनक्स शिकवण्याची तरतूद त्यात धरावी लागेल. वर्गणी मागून झाल्यावर तळेगावालाही आधी शिकवणारा माणूस शोधावा लागला होता.