स्कायलॅबचा जुलै

अवकाशस्पर्धेचा इतिहास वाचायला घेतला की स्पुटनिक, गागारिन, आर्मस्ट्राँग अशी वर जाणाऱ्यांचीच नावं लागतात. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात ती स्पर्धा पोचली ती खाली येताना, जुलै १९७९ मध्ये.

बेल्याकडच्या आमच्या गावात मी तेव्हा नववीत होतो. कापसाच्या डवरणीचे दिवस. रेडिओ मोजक्याच घरांत, बातम्या निम्म्या तेलुगूत तर निम्म्या मराठीत ऐकलेल्या. अमेरिकेचं स्कायलॅब नावाचं एक अवाढव्य घर आभाळातून निसटलंय आणि ते कुठं पडेल हे त्यांनाही सांगता येत नाही, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. मग गावानं आपला हिशेब मांडला : मरायचंच आहे तर कोंबड्या कुणासाठी राखायच्या? आधी कोंबड्या गेल्या, मग बोकड. एकानं तर ऐन हंगामात बैलजोडी मिळेल त्या भावाला विकली. सावकारानं वसुली मात्र एक दिवसही थांबवली नाही. उद्या उजाडणार याची खात्री गावात बहुधा त्या एकट्यालाच होती. हे वेड काही आमच्यापुरतं नव्हतं. २०२१ साली 'स्कायलॅब' नावाचा तेलुगू चित्रपट आला, तो करीमनगरकडच्या बंडा लिंगमपल्लीतल्या याच दिवसांवर बेतलेला.

आता वरची हकीकत. चंद्र जिंकल्यावर अमेरिकेनं अपोलोच्या खर्चाला कात्री लावली. तिकडे रशियानं एप्रिल १९७१ मध्ये सॅल्युत-१ हे जगातलं पहिलं अवकाशस्थानक धाडलं. अमेरिकेनं चंद्रमोहिमांतून उरलेल्या सॅटर्न रॉकेटच्या टाकीतच घर थाटलं आणि १४ मे १९७३ ला ते वर पाठवलं. तिथं तीन तुकड्या राहून आल्या, शेवटची ८४ दिवस. फेब्रुवारी १९७४ पासून घर रिकामं. स्वतःला वर उचलून घेण्याचं इंजिन त्याला बसवलेलंच नव्हतं. पुढं स्पेस शटल जाऊन ढकलेल, असा बेत होता. शटल उडालं एप्रिल १९८१ मध्ये. दरम्यान सूर्य अंदाजापेक्षा जास्त तापला, वरचं विरळ वातावरण फुगलं आणि त्याच्या घर्षणानं सुमारे ७७ टनांचं ते धूड खाली खाली येऊ लागलं.

रशियाचा कारभारही काही वेगळा नव्हता. जानेवारी १९७८ मध्ये त्यांचा कॉसमॉस-९५४ हा हेरगिरीचा उपग्रह अणुभट्टीसकट कॅनडात कोसळला. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले, पदरात तीस लाख पडले. दोघांनाही वर जायची घाई होती. उतरायचं कसं, हा प्रश्न दोघांनीही पुढच्यावर ढकलला, असं माझं स्पष्ट मत आहे.

११ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास स्कायलॅब तुटली. तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. माणूस एकही दगावला नाही. तिथल्या एस्परन्स गावानं कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेला ४०० डॉलरचा दंड ठोकला. तो २००९ साली एका रेडिओ निवेदकानं श्रोत्यांकडून पैसे गोळा करून भरला.

आज वर असलेलं आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक चारशे टनांहून जड आहे. ते समुद्रात नीट उतरवण्यासाठी खास यान बांधण्याचं काम नासानं जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं.