दूरध्वनीची घंटा : एका पाठनिर्णयाचा प्रश्न

अमरावती किंवा अकोला येथील जुन्या वस्तूंच्या बाजारात लाकडी पेटीचा, हाताने दांडी फिरवावयाचा दूरध्वनी विक्रीस आला म्हणजे तो ‘इंग्रजांच्या काळचा’ आहे असे सांगितले जाते. पेटी चकचकीत असते, पितळ उजळलेले असते. अशा दुरुस्त यंत्राचा काळ ठरविताना बाह्यांगावर विसंबून चालत नाही. आतील घंटेची रचना हाच त्यांतल्या त्यांत भरवशाचा पुरावा होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मुंबईतील दूरध्वनी केंद्र २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाले. वऱ्हाडात त्यापूर्वीच, १८६७ मध्ये, लोहमार्ग अकोला व बडनेरा ओलांडून नागपूरपर्यंत गेला होता आणि कापसाचा व्यापार वाढीस लागला होता. या व्यापारास भावाची बातमी वेळेवर हवी असे. ती गरज प्रथम तारेने आणि पुढे दूरध्वनीने भागविली. हस्तचलित पद्धतीत ग्राहकाने दांडी फिरवली की केंद्रातील फलकावर त्याच्या क्रमांकाची झडप पडे. १९४८ मध्ये बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची स्थापना झाल्यावर देशी बनावटीची यंत्रे येऊ लागली. सारांश, एकाच गावात निरनिराळ्या पिढ्यांची यंत्रे सापडणे स्वाभाविक आहे.

बेल यांचे सहकारी वॉटसन यांनी १८७८ मध्ये सिद्ध केलेली ध्रुवित घंटा या यंत्रांत असते. कायम चुंबकाजवळ दोन वेटोळी बसविलेली असतात. उलटसुलट वाहणारा प्रवाह आला की एका वेटोळ्याचे आकर्षण वाढते व दुसऱ्याचे घटते. त्यामुळे मधली लोखंडी पट्टी हेलकावते आणि तिला जोडलेला टोला आळीपाळीने दोन वाट्यांवर पडतो. एकच वाटी आणि प्रवाह जोडणारा-तोडणारा संपर्क दिसल्यास ती निराळ्या जातीची, विद्युत्घटावर चालणारी घंटा समजावी.

वेटोळ्यांचा रोधही बोलका असतो. सुमारे ८० ओहम रोधाची घंटा एकेरी जोडणीस पुरे. एकाच तारेवर अनेक ग्राहक समांतर जोडावयाचे असल्यास १,००० ओहम किंवा त्याहून अधिक रोध लागे. घंटेच्या मार्गात धारित्र असेल तर ते यंत्र बहुधा केंद्रातून विद्युत् पुरविणाऱ्या पद्धतीचे होय. सुती किंवा रेशमी वेष्टणाची तार जुनेपणास अनुकूल, तर प्लॅस्टिकचे वेष्टण आणि फुलीच्या खाचेचे स्क्रू उत्तरकालीन हस्तक्षेपाचे द्योतक. ज्याच्या पेटीत चुंबक व वेटोळी यांऐवजी केवळ इलेक्ट्रॉनिक ध्वनियंत्र आहे, ते सजावटीसाठी नव्याने घडविलेले असते किंवा त्याची घंटा काढून घेतलेली असते.

मात्र उत्तरकालीन भाग सापडला म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही. लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाल्यावर ग्रंथ स्मरणाने पुन्हा जुळविला गेला, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणून रिद्धपूरच्या या वारशाचा अभ्यासक पाठभेद टाकून देत नाही. कोणता थर केव्हाचा, हे तो विचारतो. दुरुस्त घंटेस हाच न्याय लावावा. एखाद्या जिनिंग कारखान्यातील कारागिराने वेटोळे पुन्हा गुंडाळले असेल, तर ती दुरुस्ती हाही स्थानिक तंत्रज्ञानाचा पुरावा आहे. दोष दुरुस्तीत नसून ती लपविण्यात आहे.

यास्तव संग्राहकाने यंत्र कोठून व कोणाकडून मिळाले हे प्रथम लिहून ठेवावे. घंटा घासून उजळू नये. बदललेला जुना भाग चिठ्ठी लावून यंत्राबरोबरच जपावा. जनित्राची दांडी फिरवून पाहताना उघड्या टोकांना हात लावू नये, कारण तेथे ७५ व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब निर्माण होऊ शकतो.

‘फोन फिरवणे’ हा प्रयोग तबकडी गेल्यावरही मराठीत टिकला आहे. भाषेच्या अभ्यासकास त्या क्रियापदाचा उगम दाखवावयाचा झाल्यास समोर अस्सल यंत्र हवे. आज उपलब्ध असलेली यंत्रे नोंदींवाचून विकली गेली, तर उद्या क्रियापद राहील आणि त्याचा अर्थ दाखविणारी वस्तू मात्र कोणत्या गावची, कोणत्या काळची, हे कोणालाही सांगता येणार नाही.