बलुतें, पोस्त आणि बक्षीस

उपाहारगृहांत बडीशेपेच्या बशींत आपण जी नोट ठेवतों, तिला बक्षीस म्हणावें कीं मजुरी? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

बक्षीस हा शब्द फारसी. त्यांत देणाराची मर्जी आहे. आमच्या गांवगाड्यांत निराळा शब्द होता, बलुतें. माझ्या लहानपणीं मुरुडास सुगींत सुतार खळ्यावर येई. आजोबा ज्वारी मापून घालीत. माप अंमळ उणें वाटलें कीं तो म्हणे, "मालक, शीग भरा." आणि आजोबा मुकाट्यानें शीग भरीत; कारण पेरणीच्या तोंडावर तिफण दुरुस्त करणें त्याच्याच हातीं असे. दिवाळीचें पोस्त मात्र वेगळें. तें मिळालें तर आनंद, न मिळालें तर भांडण नाहीं.

परंतु असें बोलणें प्रत्येक बलुतेदारास शक्य नव्हतें. महार वतनदारांच्या कामाला वेळेचें बंधन नसे, नकाराची सोय नसे, आणि बलुतें मात्र रयतेच्या मर्जीवर. नांव हक्काचें, रीत याचनेची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें, त्याचें मर्म हेंच. बलुत्याऐवजीं रोख पट्टी सरकारनें शेतसाऱ्याबरोबर वसूल करावी व ती काम करणारास द्यावी, असें त्यांचें म्हणणें. तें विधेयक संमत झालें नाहीं. जुन्या मुंबई भागांतील कनिष्ठ वतनें संपविणारा कायदा १९५८ सालीं झाला.

त्याच सुमारास दूर अमेरिकेंत असाच झगडा चालू होता. पुलमन कंपनीच्या शयनगाड्यांतील कृष्णवर्णीय सेवक तुटपुंज्या पगारावर राबत आणि उतारूंच्या बक्षिसीवर संसार चालवीत. त्यांनीं १९२५ सालीं संघटना उभारली व १९३७ सालीं कंपनीकडून वेतनाचा करार मिळविला. तरी त्या देशांत बक्षिसी मिळविणाऱ्या वाढप्यास मालकानें ताशीं २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्यास चालतें. किमान वेतनाची उरलेली भर गिऱ्हाइकाच्या बक्षिसींतून होते. १९९१ पासून हा आंकडा हललेला नाहीं. जपानांत तर अशी बक्षिसी देण्याची चालच नाहीं.

परवां लातुरांत मीं एका वाढप्या मुलास विचारलें, "बशींतले पैसे कोणाचे रे?" गल्ल्याकडे पाहात तो हळूच म्हणाला, "रात्रीं मालक वांटतात, काका." मीं नोट बशींत न ठेवतां त्याच्या हातांत दिली. त्यानें ती घेतली आणि वांकून सलाम केला. मुरुडच्या त्या सुतारानें असा सलाम कधीं केल्याचें मला आठवत नाहीं.